मरणाचं गिऱ्हाईक

हुपरी
९ जून २०२५

संघर्ष,

सप्रेम लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं जयभीम.

फोन तू ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली. मेल केला तर तुझ्या संस्थेचं आपोआप उत्तर येतं, साहेब परिषदेला गेलेत. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टनं तुझ्या बेंगळुरूच्या लॅबवर पाठवतेय, पोचपावतीसकट. नंतर "मिळालंच नाही" म्हणायची सोय ठेवलेली नाही.

कामाचं आधी लिहिते. शिवानी आजारी आहे. तुझी भाची, आता नऊ वर्षांची. दिवाळीपासून तिच्या मानेत गाठी आहेत. इथल्या डॉक्टरांनी गंडमाळ म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. गाठी जागच्या हलल्या नाहीत. मग कॅन्सरची शंका आली, गाठ काढून तपासली, तो निघाला नाही. आता पानथरी, तुमची ती स्प्लीन, एवढी वाढलीय की बरगडीखाली हात ठेवला की लागते, आणि प्लेटलेट अकरा हजारांवर आल्यात. हा आकडा मला कुणी सांगितलेला नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये पोरीचं रक्त मीच काढते, मीच मशीनला लावते आणि रिपोर्टवर सहीही मीच करते. सर्जन डॉ. विजयसिंह म्हणाले, पानथरीच प्लेटलेट खातेय, काढून टाकू. २७ जून ही तारीख दिलीय.

आपल्या दादांचीही पानथरी काढली होती. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. आपला बाप आणि त्याची नात, दोघांच्या मानेत गाठी, दोघांची पानथरी, हे माझ्या डोक्यातून जाईना. परवा जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर हे सगळं इंग्रजीत टाकून बघितलं. एक पेपर वर आला. पहिलं नाव तुझं.

माझं इंग्रजी तुझ्याएवढं नाही, पण वंशावळीचं चित्र कळतं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. K-1, चांदीकाम करणारा, वय एकसष्ट, पानथरी काढलेली. K-2, त्याची बायको, निरोगी. K-3, मुलगी, वय पस्तीस, जनुकात दोष आहे पण त्रास नाही. K-4, नात, वय सहा, दोष आहे, सध्या लक्षणं नाहीत. K म्हणजे केरबा ना रे? बापाचं आद्याक्षर तेवढं ठेवलंस, उपकार झाले.

आणि खाली एक ओळ आहे. "K-1 यांचा अभ्यास चालू असताना जंतुसंसर्गाने मृत्यू झाला." आपल्या बापाला तू एका ओळीत बसवलंस.

पुढं शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की अशा रुग्णांची पानथरी शक्यतो काढू नये. आणि ज्यांची आधीच काढलीय त्यांना साधा ताप आला तरी तासाभरात दवाखान्यात न्यावं, पानथरी नसली की जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेतो. हे तू लिहिलंस. इंग्रजीत. जगाला. हुपरीच्या घरात मराठीत सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

पेपरात लिहिलंय की तपासण्या नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाल्या. दादा फेब्रुवारीत गेले. मी सकाळी कामाला निघाले तेव्हा त्यांना ताप नव्हता. संध्याकाळी सातला गेले. तिसऱ्या दिवशी तू आलास आणि दारातच मला विचारलंस, "ताप आल्याआल्या का नेलं नाही?" मला वाटलं, मेलेल्या बापावरून तू मला बोल लावतोयस. म्हणून मी तुला नको ते बोलले, घरातून काढलं. आता कळलं. तू विचारत नव्हतास, तुला माहीतच होतं.

डॉ. विजयसिंहांना मी तो पेपर दाखवला. माणूस सरळ आहे. म्हणाले, "पेपर खरा असेल. पण ही K-4 तुमचीच मुलगी कशावरून? मी अक्षर बघून ऑपरेशन थांबवू शकत नाही. नाव असलेला रिपोर्ट आणा, त्याच दिवशी थांबवतो."

तो रिपोर्ट पाठव. २७ च्या आत.

दीप्ती

१६ जून २०२५

संघर्ष,

पोचपावती आली. १२ तारखेला दुपारी पत्र घेतलंयस, तुझीच सही आहे, शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड तशीच. चार दिवस झाले. उत्तर नाही.

आई विचारते, "लिवलंस न्हवं त्याला? मग त्यो गप का बसलाय?" काय सांगू तिला? म्हटलं, पोस्टात अडकलं असेल. तुझ्यासाठी अजून खोटं बोलते मी.

तुला तो दिवस आठवतो का? बुद्ध पौर्णिमा होती, २०२२ सालची. त्याच्या आठवडाभर आधी वर्तमानपत्रात तुझा फोटो आला होता, "मृत्यूचा ग्राहक उलगडणारा हुपरीचा सुपुत्र". शाळेच्या पुस्तकात रिसेप्टरला ग्राही म्हणतात, पण वार्ताहराला कोण सांगणार. दादांनी ते कात्रण चांदीच्या कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. तू आलास तेव्हा ते पैंजणाच्या कड्या जोडत बसले होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मरणाचं गिऱ्हाईक म्हंजी कोण रं बाबा? आमी तर जल्माचं गिऱ्हाईक बघतोय."

तू त्यांच्याच समोरची कडी उचलून समजावलंस. पेशीच्या अंगावर अशी कडी असते. बाहेरून निरोप येतो, कडीत अडकतो, आणि आत खबर जाते की तुझं काम झालं, आता आवर. मग पेशी गडबड न करता स्वतःच मरते. अशा मरतात म्हणून आपण जगतो.

दादा म्हणाले, "व्हय की. येळ झाली म्हटल्यावर गुमान उठायचं. पेशीला कळतंय, मानसाला न्हाय कळत." केवढे हसलो होतो आपण.

मग तू म्हणालास, दादा, तुमच्या मानेतल्या गाठींचं मला जरा बघायचंय, सगळ्यांचं थोडं रक्त देता का? दादांनी बाही वर केली. "पोरगा गिऱ्हाईक हून दारात आलाय, रिकामा कसा लावायचा?" मी रक्त काढलं. माझ्या मांडीवर शिवानीला बसवून तिचंही काढलं. ती रडली तर तू तिला घुंगरू दिलंस. बर्फाच्या डब्यात चार नळ्या घालून तू गेलास.

मराठीत एखाद्याचं गिऱ्हाईक करणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. ते तू आमचं केलंस. घरातल्यांचं.

तुझा दाजी कृष्णात म्हणाला, "म्या दुधाचा टेम्पो लावतो बाजूला आन् जातो बेंगळूरला. कॉलर धरून आणतो त्याला." मी अडवलं. अजून अकरा दिवस आहेत म्हटलं. किती दिवस अडवीन ते माहीत नाही.

काल शिवानीच्या हिरड्यांतून रक्त आलं. दात घासताना बेसिन लाल झालं आणि तिनं मला हाक मारली नाही. स्वतःच पाणी ओतून धुऊन टाकलं. मला कळू नये म्हणून. नऊ वर्षांच्या पोरीनं हे कुठून शिकावं? आपल्या घराण्याचंच वळण दिसतंय.

रिपोर्ट पाठव.

दीप्ती

२० जून २०२५

तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी दोन ओळींची: "आक्का, नियमानुसार मला निकाल सांगता येत नव्हते. संमतीपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत."

चार फॉर्म. दादांचा, आईचा, माझा, शिवानीचा. चारी माझ्या अक्षरात, निळ्या शाईत. पाचवा प्रश्न मराठीत स्वच्छ छापलाय: "या तपासणीत आरोग्याविषयी काही आढळल्यास आपणांस कळवावे का?" पुढं दोन चौकटी. चारी फॉर्मवर खूण "नाही" च्या चौकटीत. खूणही माझी. खाली दादांचा अंगठा नाही, त्यांची वळणदार सही आहे. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी केली.



तुला वाटेल, मी विचार करून "नाही" म्हटलं. ऐक. आमच्या लॅबमध्ये दिवसाला चाळीस फॉर्म मी भरते. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. कसली ॲलर्जी? नाही. गरोदर? नाही. समोर रांग असते, माणसं उपाशीपोटी ताटकळलेली असतात, वाचत कोण बसतं? वरपासून खालपर्यंत "नाही" ची ओळ ओढायची, काही असेल तर माणूस आपणहून बोलतो. त्या दिवशी घरात खिरीचं पातेलं चुलीवर होतं, तुझी गाडी चारची होती, माझ्या हातानं सवयीनं ओळ ओढली. मी तो प्रश्न वाचलाच नव्हता.

म्हणजे चूक माझी. घे. लिहून दिलं.

आता आणखी एक लिहिते, जे कृष्णातला माहीत नाही, आईलाही नाही. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्या दिवशी सकाळी साडेसातलाच दादांना ताप होता. एकशे दोन. थंडी वाजत होती. आई नळावर पाण्याला गेली होती. मी तापाची गोळी दिली, घोंगडं घातलं, आणि आठची बस चुकेल म्हणून निघाले. दादाच म्हणाले, "जा तू. तुझं गिऱ्हाईक खोळंबलंय तिकडं." तीनला आईचा फोन आला की हातपाय गार पडलेत. मी पोचले तेव्हा ते मला ओळखत नव्हते. सगळ्यांना मी सांगितलं, मी निघाले तेव्हा ताप नव्हता. दोन वर्षं हेच सांगत आले, इतकं की आता मलाही कधी कधी खरं वाटतं. तू दारात तो प्रश्न विचारलास आणि म्हणूनच मी तुला हाकललं.

मला माहीत असतं तर मी बस सोडली असती. नोकरी सोडली असती. बापाला पाठीवर घेऊन कोल्हापूर गाठलं असतं.

आणि तू मला ही चौकट दाखवतोस? नियम? परक्या माणसासाठी नियम असतो रे. फॉर्मवरचं तुझ्या संस्थेनं विचारलं होतं, तू विचारलं नव्हतंस. तुझ्यासमोर बसून मी ती ओळ ओढली. तू बघत होतास. "आक्का, एवढं नीट वाच," इतकंच म्हणायचं होतं. तीन महिने तुझ्याकडं निकाल होता, एक फोन करायचा होता: "दादांना ताप आला तर थांबू नका." त्यात ना नाव येतं, ना निकाल येतो. ते नियमात बसत नाही असं मला कुठला प्रोफेसर सांगेल?

सोबत नवीन कागद जोडलाय. शिवानीची आई म्हणून मी लिहून देते की तिच्या तपासणीचे निकाल मला कळवावेत. सही केलीय, तारीख टाकलीय, आधारची प्रत लावलीय. या वेळी प्रत्येक शब्द दोनदा वाचलाय. मेलवरही पाठवलंय, तुझ्या वरिष्ठांनाही पाठवलंय. आता कुठला नियम आडवा येतो ते बघते.

सात दिवस राहिलेत.

दीप्ती

२८ जून २०२५

संघर्ष,

रिपोर्ट २५ ला आला. शिवानीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, खाली तुझी आणि तुझ्या वरिष्ठांची सही.

डॉ. विजयसिंहांनी तो उभ्याउभ्याच वाचला. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचला. "मी परवा ही काढणार होतो," एवढंच म्हणाले. फाइलवर ऑपरेशनच्या तारखेवर रेघ मारली. मी त्यांच्या केबिनमध्ये रडले, लाज न बाळगता. पुण्याच्या रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंशी त्यांनीच फोनवर बोलून वेळ घेतली. रोज एक गोळी असते म्हणे, ती पेशींना आवरते. लसी द्यायच्या, रक्त तपासत राहायचं. पोर शाळेत जाईल.

शिवानीला मी सोपं करून सांगितलं, तुझ्या अंगातल्या काही पेशींना जा म्हटलेलं ऐकू येत नाही. ती म्हणाली, "म्हंजी बाबांवानी." कृष्णात बाजूलाच होता. "काय म्हणालीस गं?" म्हणून तिच्या मागं धावला. खूप दिवसांनी घरात कुणीतरी हसलं.

तुझे आभार मानावेत असं आई म्हणते. मानत नाही. आगीत ढकलून मग बादली आणून देणाऱ्याचे आभार मानायची रीत आपल्याकडं नाही.

दीप्ती

१३ जुलै २०२५

संघर्ष,

काल तुझा फोन आला. तू ओळख सांगायच्या आत मी ओळखलं, तुझ्या श्वासावरून. तू रडलास. म्हणालास, "आक्का, तुम्ही सगळ्यांनी 'नाही' लिहिलंत ते बघून मला सुटल्यासारखं झालं होतं. दादांना सांगायला तोंड नव्हतं माझ्याकडं." हे खरं बोललास. अडीच वर्षांत पहिल्यांदा. त्याबद्दल थोडा राग कमी केला, जास्त नाही.

मग मी तुला विचारलं, त्या चित्रात दादांच्या खाली एकच गोल का आहे? मी आहे, माझी पोर आहे. तुझा चौकोन कुठाय? केरबाला एकच लेकरू झालं का?

तू म्हणालास, अभ्यास करणाऱ्यानं स्वतःला त्यात घालायचं नसतं. बरं. पेपरात नको घालू. पण रक्त तपासलंस का स्वतःचं? तर तू शिवानीच्या गोळीचं विचारायला लागलास. पाचवीत असताना तुझ्या दोन्ही काखांत गाठी होत्या, आई आंबेहळद उगाळून लावायची. मोठा झालास तशा बसल्या. तुला आठवत नसेल, मला आठवतंय, कारण लेप वाटायचं काम माझ्याकडं होतं. दिवसभर त्याच कडीवर काम करतोस, जगाच्या रक्तात ती शोधतोस, आणि स्वतःच्या दंडाला सुई लावायला भितोस.

आणि मग ते म्हणालास. "आक्का, आत्ता नको. संयोगिताला सातवा लागलाय. तिला यातलं काही माहीत नाही. दादा न्यूमोनियानं गेले असं सांगितलंय."

तुझं लग्न झालेलं मला दुसऱ्याच्या स्टेटसवर कळलं, ते मी गिळलं. पण हे गिळणार नाही. तिच्या पोटात केरबाचं नातवंड आहे. त्याच्या मानेत उद्या गाठ आली, तर तीही सहा महिने टीबीच्या गोळ्या चारणार. तिलाही कुणीतरी पानथरी काढायची तारीख देणार. आणि तू बाजूला उभा राहून योग्य वेळेची वाट बघणार.

पंधरा दिवस देते. तिला तू सांग. बायकोसमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून, मराठीत.

आक्का

३० जुलै २०२५

संयोगिता,

जयभीम. आपण कधी भेटलो नाही. मी दीप्ती, संघर्षची थोरली बहीण, तुझी नणंद. सातव्या-आठव्या महिन्यात असं पत्र कुणाला येऊ नये, हे मला कळतं. मीही आई आहे. पण सतरा दिवस वाट बघितली. काल त्याला विचारलं तर म्हणाला, बाळंतपण होऊ दे.

बसून वाच. घाबरायचं काही नाही, पण सगळं वाच.

आमचे दादा न्यूमोनियानं गेले नाहीत, पानथरी काढलेली असल्यामुळं एका दिवसाच्या तापानं गेले. त्यांच्या रक्तातल्या काही पेशी, ज्यांनी वेळ झाली की मरायला हवं, त्या मरत नव्हत्या. पेशीच्या अंगावर निरोप घेणारी जी कडी असते, ती आमच्या घरात खोटी आहे. दादांना होती. मला आहे, पण मला त्रास नाही. माझ्या मुलीला, शिवानीला आहे आणि तिला त्रास झाला. आता ती रोज एक गोळी घेते. काल मी तिचं रक्त तपासलं, प्लेटलेट चौऱ्याण्णव हजार. आत्ता ती अंगणात लंगडी घालतेय, इथं आवाज येतोय.

संघर्षला आहे की नाही ते कुणालाच माहीत नाही, कारण त्यानं तपासलेलं नाही. अर्धी शक्यता आहे. त्याला असेल तर तुमच्या बाळालाही अर्धी शक्यता. नसेल तर विषयच संपला.

माहीत असेल तर या आजारात बहुतेक माणसं चांगली जगतात. आमचा माणूस गेला, तो कुणी कुणाला काही न सांगितल्यामुळं. त्यात त्याची चूक आहे, आणि माझी आहे. माझी काय ते तू भेटशील तेव्हा सांगेन. ऐकून तू मला घरात घेशील की नाही ते तू ठरव.

हे पत्र तुझ्या डॉक्टरांना दाखव. शिवानीच्या रिपोर्टची प्रत जोडलीय, नावासकट. माझा नंबर मागं लिहिलाय, केव्हाही कर.

हे मी त्याला विचारून लिहिलेलं नाही. तो चिडेल. आरडाओरडा करेल, बहिणीनं घर मोडलं म्हणेल. म्हणू दे. त्याला एवढंच सांग, आधी रक्त दे, मग ओरड.

तुझी
आक्का